हातमोजा

सेतूबलच्या सार्डिन कारखान्यात
मी तीन टचस्क्रीन टेबलावर मांडले.
मालक एव्हारिस्तु दरपत्रक वाचत होता,
चष्मा कपाळावर.
महागडा अख्ख्या काचेचा, त्यात छताचा पत्रा दिसे;
दुसऱ्याला सुटे भाग लिस्बनहून मागवावे लागणार;
तिसरा स्वस्त, सात इंची, कड प्लास्टिकची.

झुल्मिरा थेट वाफेतून आली.
कोपरापर्यंत रबरी मोजे, मोज्यांवर खवले.
एकतीस वर्षं तीच टाकी.
महागड्यावर तिने बोट टेकवलं.
काही नाही.
पुन्हा. काही नाही.
"हा मला ओळख देत नाही," म्हणाली,
"पोर्तूतल्या जावयासारखा."
स्वस्ताला तिने दाबलं, पाव मऊ आहे का बघावं तसं.
आकडा उमटला: एकशे सोळा अंश.

एव्हारिस्तु खूश. पैसे वाचले
आणि वर शहाणपणही ठरलं.
मी वही मिटत होतो.

"ते मात्र काढू नकोस."
जुन्या पॅनेलवरचं लाल बटण,
तिच्या अंगठ्याने मधोमध पांढरं पडलेलं.
"पडदा विझला, वाफ दाटली,
तर हात कुठे न्यायचा
हे हाताला माहीत हवं."

अंदाजपत्रकात शेवटची ओळ वाढवली:
बटण, जुनं, नग एक.
किमतीचा रकाना
अजून मोकळाच आहे.