बारावी चौकट

समाजाच्या स्मरणिकेत ‘नामवंत बारापात्रे’ असं पान करायचं ठरलं
आणि नावं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात आलं.
सचिव म्हणाले, आडनावच बारा पात्रांचं,
तर चौकटीही बाराच. फोटो पासपोर्ट साइज.

तांडापेठेत आम्ही इतके
की हजेरीला ‘बारापात्रे’ म्हटलं की अर्धा बाक उठायचा.
घुटके सरांनी वैतागून नंबर दिले. मी चौथा.
अजून रस्त्यात कुणी ‘चार’ म्हटलं
की मान वळते.

तर नामवंत.
हरबाजी: मिलचा भोंगा खरा की खोटा
हे लोक यांना विचारून ठरवत.
डॉक्टर कुमुद, जिनं मेयोत
गल्लीतल्या निम्म्या माणसांना
पहिल्यांदा पायाला धरून उलटं केलं.
नारबा, कबड्डीतला. त्याची ती एक चढाई
गोळीबार चौकात अजून सांगतात,
दरवेळी एक गडी जास्त बाद होतो.
दोनदा पडलेला नगरसेवक,
फोटो स्वतः घेऊन आला, फ्रेमसकट.
एक ह्यूस्टनला असतो. काय करतो
कुणाला नीट माहीत नाही,
म्हणून त्याला सगळ्यात वर.
आणि माझे बाबा. लुगड्याला दिल्लीत बक्षीस.

असे करत अकरा झाले.

त्या लुगड्याचा ताणा आत्यानं लावला होता.
पहाटे चारला, सायकली सुरू व्हायच्या आत,
गल्लीभर सूत पसरून खळ द्यायची.
तुटलेला धागा अंधारात
नुसत्या बोटांनी सापडायचा तिला.

‘काहून रे,’ आत्या म्हणाली,
‘मी कोणात येतो?’

मी सचिवांकडे गेलो. ते म्हणाले, त्या आता निखारे.
निखाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले,
त्या मूळच्या बारापात्रे ना?

पुस्तक आलं. चौकट रिकामी दिसू नये
म्हणून छापखान्यानं तिथं
इतवारीतल्या भांड्याच्या दुकानाची जाहिरात टाकली होती:
पितळ, स्टील, जुनं देऊन नवं न्या.

आत्यानं चष्मा पदराला पुसला.
बाबांच्या फोटोवर बोट ठेवलं, जरा वेळ,
मग एकेक चौकट ओलांडत जाहिरातीपाशी आली.
‘हे बराबर केलं बाप्पा. इथं जुनं तरी घेतात.’

आणि पान मांडीवर पसरून
त्यावर लसूण सोलायला बसली.