साल

कोरूशच्या कारखान्यात आम्ही बुचं करतो.
झाडाची साल नऊ वर्षांतून एकदा सोलायची
आणि उघड्या खोडावर पांढऱ्या रंगात
त्या सालाचा शेवटचा आकडा लिहायचा.
वणव्यात हीच साल झाडाला वाचवते.
झाडावरून उतरली की तिचा भुसा होतो,
पापण्यांवर बसतो, डब्यातल्या पावात येतो,
आणि एका ठिणगीची वाट बघतो.

देओलिंदा दर मार्चला मागच्या अंगणात
पत्र्याच्या परातीत डिझेल पेटवायची,
एकेकाला पुढे बोलवायची.
"आधी ओरडा, मग उचला.
दार पाठीशी, आग समोर.
काटा हिरव्यात आहे ना, बघा.
दांडा दाबलेला असला तर पिन निघत नाही,
आणि घाबरलेला माणूस नेमका दांडाच दाबून धरतो."

बेल्मिरोने पहिला फवारा ज्वाळेच्या टोकावर मारला.
पांढरा ढग उठला,
आग खाली निवांत जेवत राहिली.
"बुडाशी रे, बुडाशी!
अंगण झाडतोस तसा, या कडेपासून त्या कडेपर्यंत."
मग आम्हा सगळ्यांना:
"विजेच्या पेटीला पाणी नाही, गॅसचा घ्या,
त्याच्या नरसाळ्याला हात नको, बोटं गोठतात.
भुशावर जोराचा मारा तर कधीच नाही.
भुसा उडाला की हवाच पेटते.
फेस सोडायचा, लांबून, हलक्या हाताने,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालतात तसा."
आम्ही हसायचो. नंतर सार्डिन भाजायचो.

ऑक्टोबरातला गुरुवार.
दळणखोलीत बेअरिंग तापलं.
देओलिंदाच जवळ होती.
ओरडली. फेसाचं नळकांडं उचललं.
आग गुडघ्याएवढी.
ती झाडत गेली, अंगण झाडतात तशी,
आणि आग जवळजवळ मेली.
जवळजवळ.
मग धुराड्यात काहीतरी खाकरलं
आणि ज्वाळ वरच्या नळीत चढली.

मी दारातून बघत होतो.
तिने नळकांडं खाली ठेवलं,
पडू न देता, हळूच,
आणि उलट्या पावलांनी निघाली.
आगीकडे पाठ केली नाही.
मला बाहेर ढकललं, दार ओढून घेतलं.
बाहेर तिने आम्हाला मोजलं. एकतीस.
पुन्हा मोजलं.

"निम्मा फेस शिल्लक होता की,"
बेल्मिरो म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं,
त्या खोलीत त्याची बावीस वर्षं गेली होती.
देओलिंदा चेहऱ्यावरची काजळी पुसत राहिली.
"कमरेच्या वर गेली
की ती आग आपली नसते, बेल्मिरो.
ती बंबवाल्यांची."

खोली गेली. छप्पर गेलं.
वसंतात नवी भिंत आली, नवा खिळा.
अर्धं वापरलेलं नळकांडं कुणीतरी राखेतून आणून
सवयीने तिथेच टांगायला निघालं होतं.
तिने ते काढून घेतलं, भरलेलं टांगलं,
हातात तोलून.
मग ब्रश मागितला
आणि खिळ्याखाली, पांढऱ्या रंगात,
त्या सालाचा शेवटचा आकडा लिहिला.