हा तो नव्हे

फ्रीझरमध्ये, मटारच्या मागे, चार पाकिटं.
वर माझ्या अक्षरात लिहिलंय: मेथी.
कोकिळाबेन एकदा वरणात टाकायला निघाल्या होत्या,
तेव्हापासून खाली दुसरी ओळ: फार कडू. हात लावू नये.

आत हॉप्स. हिरव्या गोळ्या, कोंबडीच्या खाद्यासारख्या.
भाचा म्युनिकहून आणतो, मोज्यांत गुंडाळून.
बडोद्यात बिअर मिळत नाही.
मिळते म्हणा, पण मी त्यावर बोलणार नाही,
कारण रविवारी साडेचारला माझ्याकडे येतात ते फणसे
बत्तीस वर्षं नशाबंदी खात्यात होते.

चपला ते जिन्याकडे तोंड करून काढतात,
निघताना वळायला नको म्हणून. जुनी सवय.
मी चार कपांत चार जाती घालते,
पाणी ऐंशी अंशांवर. उकळतं ओतलं
तर वास उडतो आणि मागे नुसता कडूपणा.
आमच्या कारखान्यात तीस वर्षं मी
गोळ्यांचा कडूपणा झाकत आले, साखरेचे थर चढवत.
इथे झाकायला कुणी सांगत नाही.

पहिला सात्झ.
मी म्हणते, गवत.
फणसे म्हणतात, गवत नाही, गंजी. आतून उबलेली,
हात घातला तर चटका बसेल अशी.
मी वहीतलं माझं खोडते, त्यांचं लिहिते.
हालरटाऊवर आमचं फारसं काही होत नाही.
कॅस्केडवर भांडण: मी पपनस, ते म्हाळुंग.
सिट्राच्या पाकिटावर आंबा छापलाय.
“आंबा कुठला? आंब्याचा चीक हा.
देठ मोडल्यावर उडतो, ओठ उततात, तो.”

असं नाक, आणि बिअरचा थेंब कधी प्यायले नाहीत.
आधी घरच्या धाकाने, मग हुद्द्यापायी,
आता रक्तदाबाच्या गोळीपायी.

मग हे कशासाठी, मी एकदा विचारलं.

“चौऱ्याण्णव साल. आजव्याच्या रस्त्याला.
पकडलेला माल, कोर्टाचा हुकूम, दोन पंच.
डांबरावर बाटल्या आडव्या मांडल्या,
पंगतीत पत्रावळी मांडतात तशा.
रोलरवर रतिलाल, नाकाला फडकं बांधून.
मी नोंदी करत होतो. व्हिस्की, व्हिस्की, रम,
तो वास रोजचाच, सर्दीच्या औषधाचा.
मग एक खोकं निघालं, बारीक मानेच्या परदेशी बाटल्यांचं.
रोलर त्यांच्यावरून गेला आणि
काय सांगू, दिघेबाई.
संत्र्याचा मोहर, आणि शेजारी कुणी देवदाराची फळी
नुकतीच रंधलेली.
रतिलालनं फडकं खाली ओढलं.
पंच बोलायचे थांबले.
मग मी लिहिलं: बिअर, नग चोवीस, नष्ट.”

तीन वर्षं झाली, आम्ही तो वास शोधतोय.
वहीत एकोणीस जाती. प्रत्येकीपुढे
त्यांच्या पंचनाम्याच्या ठाशीव अक्षरात:
हा तो नव्हे.
कॅस्केडपाशी मात्र ते थांबतात,
पुन्हा हुंगतात, मान तिरकी करतात.
“जवळचा आहे. भावकीतला. पण डांबर कमी पडतंय.”

मे महिन्यातल्या रविवारी मी कप उचलला
आणि त्यांना म्हटलं, वर चला.
दोन जिने. ते कठडा धरून, मी बशीने कप झाकून.
गच्चीवरच्या डांबरपट्ट्या उन्हाने मऊ झाल्या होत्या,
टाकीखाली कुणाची तरी फुटकी कुंडी.
मी कॅस्केड ओतला.
चर्र झालं.

फणसे एक गुडघा टेकून वाकले, मग दुसरा,
मग दोन्ही हात, कोर्टात कधी वाकले नसतील इतके.
खालच्या मजल्यावरून कुणी तरी विचारलं,
शूं थयुं?
आम्ही उत्तर दिलं नाही.

पट्टी सुकली. बाजूला हिरवट चोथा.
“अजून एक ओता,” ते तसेच वाकलेले म्हणाले.

किटली दोन मजले खाली होती.
मी निघाले.