दुसरा गिअर

पहाटे साडेतीनला कुर्ल्याच्या बेकरीतून निघतो मी.
मागे लादीपाव, निळ्या ताडपत्रीखाली,
पवई येईपर्यंत वाफ धरून.
अकरा वर्षं हाच रस्ता.
साकीनाक्याचं वळण,
साकीविहारवरचा तो बुटका गतिरोधक
ज्याला रंग कधी लागलाच नाही,
तलावाचा वास काचेतून आला की पहिला थांबा जवळ.
पाठ होता रस्ता. पाढ्यासारखा.
बे एके बे म्हणताना कोण बघतं पुस्तकात?

मग तलावाच्या अंगाला खांब उभे राहू लागले.
माणसाहून उंच पत्रे आले
आणि पत्र्यांमागे, भर रात्री, दुपारसारखा उजेड.
पाटी आली: काम चालू आहे, वाहने सावकाश हाका.
‘हाका’ वाचून हसलो होतो.
जसं काही टेम्पोला शिंगं आहेत.

कदीरमामांनी गाडी शिकवली मला
विद्याविहारच्या गोडाऊनमागे.
म्हणायचे, ब्रेक पायात नसतो रे,
डोळ्यात असतो. पाय नुसता निरोप्या.
मी मान डोलवायचो. लायसन्स हवं होतं.

खोदलेल्या रस्त्याची एक खोड असते,
तो रोज रात्री कूस बदलतो.
काल गेलो तिथे आज चर,
चरावर लोखंडी प्लेट,
प्लेटवर चाक गेलं की छातीत वाजतं.
काल चार कोन होते, आज तीन.
चौथा कुणाच्या तरी बंपरखालून चेपून
गटाराशी बसलेला.

त्या रात्री शेठचा फोन होता.
कँटीनवाला ओरडतोय, काल दोन लाद्या कमी पडल्या.
मी म्हणत होतो हो, हो, देतो,
एका हातात फोन, एका हातात स्टिअरिंग,
आणि दोन्ही हातांपेक्षा जास्त भरवसा
त्या अकरा वर्षांवर.
पन्नासच्या पुढे काटा,
डावीकडे घेतली गाडी
जिथे कालपर्यंत डावीकडे होतं.

तिथे माणूस होता.
म्हणजे आधी जाकिटाच्या पट्ट्या चमकल्या,
मग त्यांच्यात माणूस भरला,
मग त्याच्या हातात काठी, काठीला लाल फडकं.

कशी थांबली, सांगता येत नाही.
मागे सगळ्या लाद्या एकमेकींवर आदळल्या.
मऊ, मोठा आवाज.
जन्मात विसरणार नाही असा मऊ.

तो हलला नाही. हलायला जागाच नव्हती,
मागे खांबासाठी खणलेला खड्डा, काळाशार.
बॉनेटवर हात ठेवला त्याने, सावकाश,
बिथरलेल्या बैलाच्या कपाळावर ठेवतात तसा.
तेव्हा कळली मला ती पाटी.

भिकन पावरा, धडगावकडचा.
हे नंतरचं, हेल्मेटवर मार्करने लिहिलेलं वाचून.
त्या रात्री इतकंच बोलला,
‘उद्या इथूनबी नाय.’
म्हणजे वाट आणखी सरकणार होती.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
तो मला उद्याचं सांगत होता,
जणू उद्या मी येणार, उद्या तो असणार,
हे ठरलेलंच आहे.

तेव्हापासून पहिला पिवळा दिवा लुकलुकला की
दुसरा गिअर. फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात.
पाढा बंद. अक्षर अक्षर लावत जायचं,
नुकता वाचायला लागलेल्या पोरासारखं.
कधी काचेतून चार पाव द्यायचो.
हिरवा झेंडा काखेत मारून घ्यायचा तो.
लाल हातातून सोडायचा नाही.

आता पत्रे गेले. काँक्रीट आरशागत.
भिकन कुठल्या खड्ड्याशी उभा आहे, ठाऊक नाही.
कुणी ठाणे म्हणतं, कुणी भिवंडी.
दुभाजकाच्या कडेला सिमेंटात
गमबुटाचा एक ठसा राहिलाय,
त्याचाच असेल असं नाही.
तिथे आलं की हात आपोआप गिअरवर जातो.
मागचा रिक्षावाला हॉर्नवर बसतो,
पुढे काढताना वाकून बघतो, काय बिघडलंय.
‘रस्ता मोकळा आहे, काका!’ ओरडतो.

दिसतंय मला.