वाऱ्याकडे पाठ करून

रात्री तीनदा दार वाजतं.
आधी कुत्र्याची नखं फरशीवर,
मग एलेउतेरिओच्या गुडघ्यांची कुरकुर,
मग कडी. मग वारा आत.
मी डोळे मिटून पडलेली, मोजत असते.

इथे वारा पश्चिमेचा, बारा महिने.
गवत एकाच अंगाला कललेलं, कुंपणंही.
पॅटागोनियातल्या पोरांना चालायला लागली की शिकवतात
वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायला.
ते दोघे तसेच उभे राहतात, पॉपलरखाली,
एकाचा पाय वर, एकाचा हात खोडावर,
आणि कुणाचंच काही होत नाही.

तोर्दो उमेदीत होता तेव्हा
गावात एक खांब कोरडा सोडत नसे.
पोस्टाची पायरी, चर्चचा कठडा,
शेजारच्या ओवेनच्या ट्रकची चारही चाकं,
सगळा सातबारा त्याच्या नावावर.
आता अकरा वर्षांचा आहे. पाय उचलतो,
थरथरतो, पाय खाली ठेवतो,
पुढच्या खांबाकडे जातो, आशेने.
परवा स्वयंपाकघरात त्याच्यामागे
तीन लाल थेंब. मला वाटलं बीट चिरताना सांडलं.
पुसताना कळलं.

तीन तास गाडी हाकत गेलो.
डॉक्टर माइते इतुराल्दे, तिशीही नसेल,
केस रबराने बांधलेले. हातमोजा चढवला,
बोट घातलं, आणि डोळे मिटून चाचपत राहिली,
कणकेत खडा लागावा तशी.
तोर्दो माझ्याकडे बघत होता.
एलेउतेरिओ खिडकीबाहेर.

"प्रोस्टेट. अक्रोडाएवढं असावं,
ते संत्र्याएवढं झालंय.
शी चपटी होते का, फितीसारखी?"
होते, मी म्हणाले.
"जोर करावा लागतो? धार तुटते? रात्री उठतो?"
हो. हो.
तिसरा हो मी कुणाबद्दल म्हणाले, देव जाणे.

तिने पोटावर यंत्र फिरवलं, पडद्यावर राखाडी ढग.
"वाईट काही दिसत नाही. वयाने होतं असं.
खच्ची केला की काही आठवड्यांत आक्रसेल."

खच्ची.
याच माणसाने चाळीस वसंत
कोकरं कठड्यावर उताणी धरून
दिवसाला तीनतीनशे खच्ची केली आहेत,
शीळ घालत,
आणि संध्याकाळी हात धुऊन पोटभर जेवला आहे.
त्याने टोपी काढली. परत घातली.
"विचार करून सांगतो," म्हणाला.
मी ब्र काढला नाही. डॉक्टरनेही नाही,
फक्त कागदावर काहीतरी दोनदा लिहिलं.

परतताना त्याने चार वेळा गाडी थांबवली.
"कुत्र्यासाठी," म्हणाला.
कुत्रा मागच्या सीटवर घोरत होता.

विचार नऊ दिवस चालला.
दहाव्या दिवशी पहाटे मला न उठवता
तोर्दोला उचलून गाडीत ठेवलं त्याने, माझ्या शालीत गुंडाळून.
रात्री परत आले दोघे. एकाला टाके होते.
जेवला नाही तो एलेउतेरिओ.

सहाव्या आठवड्यात ओवेन आरडाओरडा करत आला,
नवं टायर, काल बसवलेलं, आणि तुमचा हा म्हातारा!
मी माफी मागितली, हसू दाबत.
एलेउतेरिओ फाटकाशी गेला,
चाकावरून ओघळून धुळीत पसरलेलं ते पाणी
बराच वेळ बघत राहिला,
दुसऱ्याच्या शेतात पाट आलेला बघावा तसा.
"काय धार आहे," एवढंच म्हणाला. ओवेनला नाही.

काल रात्री नखं वाजली नाहीत.
तोर्दो शेगडीपाशी पाय ताणून झोपलेला.
नुसते गुडघे, मग कडी, मग वारा.
मी मोजायचं सोडून उठले,
शाल घेतली, तिला अजून कुत्र्याचा वास आहे,
आणि पॉपलरखाली त्याच्या पश्चिमेला
जाऊन उभी राहिले.
"आत जा," तो म्हणाला. "गारठशील."
"तुझं होऊ दे," मी म्हणाले.

गुरुवारची वेळ घेतली आहे, माणसांच्या डॉक्टरची.
त्याला सांगायचंय अजून.