सोळा टाके

दब्र बरहानच्या पठारावर सातूची कापणी सुरू झाली
की दवाखान्याच्या पायऱ्यांकडे न बघताच मला कळतं
किती जण बसले असतील
एका डोळ्यावर तळवा दाबून,
पांढऱ्या शालीची कड ओली करत.

कुसळ असतं.
दुसऱ्याच्या डोळ्यातलं तेवढं दिसतं, म्हणतात.
मला तर त्याचाच पगार मिळतो.

तिसऱ्या दिवशी येतो त्याचा डोळा वाचतो.
तिसऱ्या आठवड्यात येतो
त्याच्या डोळ्यात बुरशीनं संसार थाटलेला असतो
आणि मग फूल पडतं.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
ना वास, ना फळ,
सुकायचंही नाव नाही.
तेहतीस वर्षं मी हीच फुलं खुडते आहे.

आईच्या गळ्यात क्रुसाशेजारी
एक लोखंडी चिमटा लोंबायचा.
पापण्या आत वळलेल्या तिच्या;
डोळ्याची प्रत्येक उघडझाप म्हणजे
काचेवरून फिरणारी केरसुणी.
दिवेलागणीला मान वर करून बसायची माझ्यापुढे,
"तिरुवर्क, ओढ. तुझी नजर कोवळी आहे."
मी सात वर्षांची.
एकेक केस उपटून तळहातावर ठेवायची.
पुढे अदिस अबाबाला प्राध्यापकांनी विचारलं,
हात इतका स्थिर कुठं झाला तुझा?
मी म्हणाले, घरी.

विद्यार्थ्यांना सांगते:
बुबुळावरची ही काच अर्ध्या मिलिमीटरची.
रक्ताला इथं मज्जाव.
ती हवेवर जगते, आसवांवर जगते,
आणि तिचं सगळं काम म्हणजे
मध्ये न येणं.
ते लिहून घेतात. लिहून घेण्यासारखं नाही ते.

अतो बेझाबिह घोंगड्या विणायचे.
त्यांच्यासाठी मी अदिसहून मिनिबसनं
बर्फाचा डबा मांडीवर घेऊन आले.
डब्यावर नाव नव्हतं. फक्त वय, एकोणसाठ.
शेजारचा म्हणाला, उपासाच्या दिवसांत मासे नेताय, डॉक्टर?

पहिला टाका बाराच्या जागी,
मग सहा, मग तीन, मग नऊ.
श्वासानं उडेल असा दोरा.
नवव्या टाक्याला वीज गेली,
जनरेटर खोकला,
आणि तेवढा वेळ मी सुई धरून
अंधारात थांबले होते.
सोळा.

अकरा महिने दिसलं त्यांना.
मग अंगाला उमगलं, हे आपलं नव्हे.
कडेकडेनं लाल शिरा आत सरकल्या.
थेंबांचं औषध घाटाखाली ट्रकमध्ये अडकलेलं,
ट्रक पोचला तोवर
पुन्हा फूल.

ज्यांना दिसू लागलं त्यांची नावं मला आठवत नाहीत.
ते परत येत नाहीत, कशाला येतील?
हे मात्र दर नव्या वर्षाला येतात,
नातवाच्या कोपराला धरून,
भाजलेल्या सातूची पुरचुंडी घेऊन.

यंदा मी विचारलंच.
अतो बेझाबिह, आता माझ्यापाशी काही उरलं नाही,
का येता?

ते हसले.
"लोकरवाला लाल म्हणून तपकिरी द्यायचा मला.
कितीतरी वर्षं.
त्या अकरा महिन्यांत पकडला त्याला, भर बाजारात.
अजून नीट माल देतो.
त्याला वाटतं, मला दिसतंय.
तुम्ही सांगू नका."

नाही सांगणार.

सेने महिन्यात मी निवृत्त होईन.
आज रात्री टेबलाशी बसून त्यांचे सातू चघळले.
पाखडून, निवडून आणलेले,
तरी एक कुसळ राहून गेलेलं.
जिभेवरून नखावर घेतलं,
दिव्याजवळ नेलं.
चष्मा लावला, काढला.

दिसलं नाही.
बोटाला मात्र लागत होतं.