काखेतले हात

मंगळवार, संध्याकाळचे सात. ग्रिम्स्बीच्या लायब्ररीत
वरच्या मजल्यावर ग्लेनिस ओडलिंग पडद्यावर फोटो लावते.
काळापांढरा. फेब्रुवारी चौऱ्याहत्तर. मासळीचा धक्का.
आम्ही सातजण. हीटर एक.

"आधी डोळा कुठे जातो?"
कुणी म्हणतं, दोराकडे.
खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघून
तो चित्र तिरकं कापत वर धुक्यात शिरतो
आणि जहाज असायला हवं तिथेच संपतो.
कुणी म्हणतं, आकाशाकडे. दोन तृतीयांश आकाश,
आणि त्याचं ओझं एवढं
की माणसं तळाशी गाळासारखी बसलीत.
निवृत्त पोस्टमन म्हणतो, मी आधी कुत्रं बघितलं.
कुत्रं नाहीये. पोत्याची घडी आहे.
पण आता मलाही कुत्रंच दिसतं.

ग्लेनिस लाल पेन्सिलीने रेघा मारते,
दोन उभ्या, दोन आडव्या,
फुली-गोळ्याचा डाव मांडावा तशा.
रेघा जिथे एकमेकींना छेदतात, नेमकी तिथे एक बाई.
डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
दोन्ही हात काखेत.
"बघा, स्वतःलाच मिठी मारून उभी आहे.
नजर चौकटीबाहेर. न परतलेल्या बोटीची वाट बघतेय.
मूड काय? शोक. मिटलेपण."
सगळे लिहून घेतात.
मीही लिहिते: मिटलेपण.
मग खोडते.

कारण सकाळी सहा ते दोन
त्या धक्क्यापासून दोन बसस्टॉप पलीकडे
मी हॅडकचे काटे काढते.
तासाला किती झाले ते भिंतीवरचा आकडा सांगतो.
बर्फाच्या पाण्यात बोटं आधी दुखतात.
मग दुखायची थांबतात, ते जास्त वाईट.
दहा मिनिटांची सुट्टी झाली की
मी, रासा, बेव्हर्ली,
आम्ही सगळ्याजणी अश्शाच उभ्या राहतो.
कुणाचं काही बुडालेलं नसतं.
काखेत ऊब असते, बस.

हे मी बोलून दाखवलं. तोडकंमोडकं.
काखेत कळसा नि गावाला वळसा,
ही म्हण जिभेवर आली होती,
पण कळशीपासून सुरुवात करावी लागली असती.
"आणि नजर?" ग्लेनिसने विचारलं.
म्हटलं, आमच्याकडे त्या बाजूला घड्याळ आहे.
कुणीतरी हसलं.
ग्लेनिस हसली नाही.
"तिच्या घरातलं कुणी बोटीवर होतं की नव्हतं,
हे तुला तरी कुठे माहीत आहे?"

नाही माहीत.
गार पडलेल्या हातांना
शोक होत नाही, असं थोडंच आहे.

क्लीथॉर्प्सच्या बसमध्ये शेजारची मुलगी
माझा वास आला म्हणून पुढे जाऊन बसली.
दोनदा साबण, एकदा लिंबू, तरी येतोच.
फोटोला वास नसतो.
म्हणून भिंतीवर टांगता येतो.

मी फोनवर तो फोटो पुन्हा काढला,
दोन बोटांनी मोठा केला, कडेपर्यंत सरकवला.
उजव्या कडेला एक कोपर आहे.
फक्त कोपर. बाकीचं माणूस
छायाचित्रकाराने बाहेर ठेवलंय.
वर्गात त्याच्याबद्दल कुणी अक्षर बोललं नाही.
बाही वर दुमडलेली. फेब्रुवारीत!
आणि धुकं सगळीकडे आडवं पसरलंय,
कोपराखाली मात्र
बारीक, उभं, वर चढतंय.

धुकं असं चढत नाही.
वाफ चढते.

म्हणजे कुणीतरी बादली घेऊन येतंय.
बायकांनी पाळीपाळीने हात बुडवायचे,
आधी जिची बोटं काळीनिळी तिने.
बाई बघतेय ती तिकडे.
समुद्र तिच्या पाठीशी आहे,
हे तर आम्ही सातही जणांनी पाहिलं होतं.

गृहपाठाच्या कागदावर रकाना आहे: मूड.
एकच ओळ मावेल एवढा.
माझा स्टॉप मागे गेला.
अजून काही लिहिलेलं नाही.